न्यूझीलंडमध्ये गाडीतच मुक्काम: साउथ आयलंड कमी खर्चात कसं फिरावं

न्यूझीलंडला कॅम्परव्हॅन घेऊन फिरायचं म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात एकच हिशोब असतो: हॉटेल नाही म्हणजे पैसे वाचले. प्रत्यक्षात व्हॅनचं भाडं, डिझेल, विमा आणि रात्रीच्या जागेचं शुल्क एकत्र केलं, तर साधी कार आणि साधी मोटेल खोली यांच्या खर्चापेक्षा व्हॅन महागही पडू शकते. व्हॅनमध्ये पैसे वाचतात, पण ते फुकट जागा शोधल्याने फारसे वाचत नाहीत. कोणत्या महिन्यात जाता, कोणती गाडी घेता आणि किती किलोमीटर पळता या तीन गोष्टींवर बचत ठरते, आणि या तिन्ही गोष्टी भारतात बसूनच ठरवायच्या असतात. म्हणून हा लेख रात्रीच्या जागेपासून सुरू न करता कॅलेंडरपासून सुरू करते.

महिना आणि विमानतळ

तिथला उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी. याच काळात व्हॅनचं भाडं सर्वांत चढं असतं आणि चांगल्या जागा भरलेल्या असतात. आपल्या शाळांची एप्रिल-मेची सुट्टी मात्र तिथे शरद ऋतूत येते. सेंट्रल ओटॅगो आणि ॲरोटाउनची झाडं एप्रिलमध्ये पिवळी-तांबडी झालेली असतात, गर्दी ओसरलेली असते आणि व्हॅन बरीच स्वस्त मिळते. मुलांची शाळा न बुडवता हे साधतं, ही मराठी कुटुंबांसाठी फार मोठी सोय आहे. फक्त ईस्टर आणि तिथल्या शाळांची एप्रिलमधली सुट्टी टाळा, कारण त्या आठवड्यांत भाव पुन्हा चढतात. मे महिना आणखी स्वस्त असतो, पण टेकापोसारख्या ठिकाणी रात्रीचं तापमान शून्याखाली जातं आणि मेच्या उत्तरार्धात संध्याकाळी सहाच्या आत अंधार होतो. लहान मुलं किंवा आईवडील बरोबर असतील तर एप्रिलच धरा.

पहिल्या फेरीत नॉर्थ आणि साउथ या दोन बेटांपैकी फक्त साउथ आयलंड करा. दोन्ही बेटांना जोडणारी वेलिंग्टन ते पिक्टन फेरीबोट साधारण साडेतीन तासांची आहे, प्रवास सुंदर आहे, पण तिकीट गाडीच्या लांबीवर ठरतं आणि व्हॅनसाठी ते चांगलंच जड पडतं. सिंगापूरहून थेट क्राइस्टचर्चला विमान येतं. तिथे उतरलात तर बोटही नको आणि ऑकलंडहून देशांतर्गत विमानही नको. व्हॅन क्राइस्टचर्चलाच घ्या आणि तिथेच परत द्या. एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडली तर बहुतेक कंपन्या वेगळे पैसे घेतात.

भारतीय पासपोर्टवर व्हिसा आधी घ्यावा लागतो आणि त्याच्याबरोबर १०० न्यूझीलंड डॉलरचा पर्यटक कर भरावा लागतो. व्हिसा हातात येईपर्यंत व्हॅनचं असंच बुकिंग करा, जे रद्द केल्यास पैसे परत मिळतात.

गाडी निवडताना हा हिशोब करा

न्यूझीलंडमध्ये सार्वजनिक जागेवर गाडीत फुकट मुक्काम करण्याला फ्रीडम कॅम्पिंग म्हणतात. त्यासाठी २०११ चा कायदा आहे आणि २०२३ मध्ये तो कडक झाला. आता स्थानिक कौन्सिलच्या जागेवर गाडीत झोपायचं, तर सर्वसाधारणपणे गाडी ‘सेल्फ-कंटेन्ड’ प्रमाणित असावी लागते: शौचालय गाडीत पक्कं बसवलेलं हवं, स्वच्छ पाण्याची आणि सांडपाण्याची टाकी हवी, आणि काचेवर त्या प्रमाणपत्राची हिरवी चिठ्ठी, म्हणजे ‘वॉरंट’, हवी. सीटखाली ठेवलेल्या सुट्या शौचालयावर नव्या नियमात प्रमाणपत्र मिळत नाही. अशा प्रमाणपत्राशिवाय चुकीच्या जागी झोपलात तर ४०० डॉलर किंवा त्याहून जास्त दंड होतो, आणि पहाटे काच वाजवून तपासणारे अधिकारी खरोखर येतात.

मग सेल्फ-कंटेन्ड गाडीच घ्यावी का? इथे घाई करू नका. समजा, दोघांसाठी नुसता पलंग आणि शेगडी असलेली छोटी व्हॅन दिवसाला ६० डॉलरला मिळते आहे आणि शौचालयवाली ११० ला. फरक रोजचा ५० डॉलर. छोटी व्हॅन घेऊन निसर्गसंवर्धन खात्याच्या, म्हणजे ‘डॉक’च्या, साध्या कॅम्पसाइटवर दोघांनी माणशी १५ डॉलर भरले, तरी रात्रीचे ३० होतात. रोज पैसे भरूनही तुम्ही २० डॉलरने पुढे असता, शिवाय शौचालयाची टाकी ओतायची कटकट नाही. हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या तारखांचे खरे आकडे घालून हीच वजाबाकी करा. चौघांचं कुटुंब असेल तर उत्तर उलटही येऊ शकतं, कारण कॅम्पसाइटचं शुल्क सहसा माणशी असतं आणि मोठ्या गाडीत शौचालय तसंही येतंच.

गाडीबद्दल आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. पहिली, हीटर कशावर चालतो? छोट्या व्हॅनमध्ये पुष्कळदा बाहेरून वीज जोडल्यावरच चालणारा हीटर असतो. म्हणजे थंडीत रोज विजेची जागा विकत घ्यावी लागते आणि वाचवलेलं सगळं तिथे जातं. डिझेलवर चालणारा हीटर असेल तर कुठेही ऊब मिळते. उबेसाठी स्वयंपाकाची गॅस शेगडी कधीही पेटवून ठेवू नका. बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड साचून झोपेतच जीव जातो. दुसरी गोष्ट मुलांची. सात वर्षांखालच्या मुलांना तिथे चाइल्ड सीट कायद्याने सक्तीची आहे आणि व्हॅनच्या प्रत्येक आसनावर ती बसतेच असं नाही. बुकिंगपूर्वी लेखी विचारा.

दर्शनी भाड्यामागचा खर्च

न्यूझीलंडमध्ये पंपावर डिझेल पेट्रोलपेक्षा स्वस्त दिसतं, कारण डिझेलवरचा रस्ता कर पंपावर घेतच नाहीत. तो किलोमीटरप्रमाणे वेगळा आकारला जातो आणि व्हॅन कंपनी तो परतीच्या दिवशी तुमच्याकडून घेते. हलक्या गाडीला हा कर १,००० किलोमीटरला साधारण ७६ डॉलर पडतो. क्राइस्टचर्च, टेकापो, माउंट कुक, वानाका, क्वीन्सटाउन, ‘ते आनाऊ’ नावाचं गाव, मिलफर्ड आणि परतताना हास्टमार्गे पश्चिम किनारा, आर्थर्स पास अशी पूर्ण फेरी जवळपास २,००० किलोमीटरची होते. म्हणजे दीडशे डॉलर या एका कराचेच. डिझेल आणि पेट्रोल व्हॅनची तुलना करताना हा आकडा धरा.

विम्याचं प्रकरण याहून मोठं आहे. मूळ भाड्यात विमा असतो, पण अपघात झाल्यास पहिले काही हजार डॉलर तुमचे, आणि तेवढी रक्कम क्रेडिट कार्डवर अडवून ठेवतात. ही जबाबदारी शून्यावर आणायची तर काउंटरवर रोजचे पैसे मागतात, जे लांबच्या प्रवासात भाड्याच्या जवळपास जातात. याच जबाबदारीपुरता वेगळा विमा प्रवासाआधी ऑनलाइन घेतला तर बराच स्वस्त मिळतो. त्यात भारतीय रहिवासी आणि कॅम्परव्हॅन दोन्ही बसतात का, हे नीट वाचा. असा विमा असला तरी कार्डवरची रक्कम अडवली जातेच, त्यामुळे तेवढी मर्यादा मोकळी ठेवा. कार्ड मशीनने ‘रुपयांत की डॉलरमध्ये’ विचारलं तर नेहमी डॉलर निवडा. रुपये निवडले की विनिमय दर मशीनवाला ठरवतो, आणि तो तुमच्या बाजूचा नसतो.

काही रस्त्यांवर विमा चालतच नाही. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड, माउंट कुकजवळचा बॉल हट रोड आणि नॉर्थ आयलंडचा नाइन्टी माइल बीच ही त्यातली नेहमीची नावं. करारातली यादी गाडी ताब्यात घेतानाच वाचून फोटो काढून ठेवा.

लायसन्सला खर्च जवळपास नाही. इंग्रजीत छापलेलं भारतीय लायसन्स पर्यटकाला तिथे चालतं आणि गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची असते. जुनं पुस्तकी लायसन्स असेल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या.

एक डॉलरची गाडी

वेळ लवचीक असलेल्यांसाठी ही सर्वांत मोठी बचत आहे. बरेच पर्यटक ऑकलंडला उतरून दक्षिणेकडे येतात आणि गाडी क्राइस्टचर्च किंवा क्वीन्सटाउनला सोडतात. त्या गाड्या उत्तरेला परत न्यायला कंपन्यांना चालक हवे असतात. ट्रान्सफरकार आणि इमूवा या संकेतस्थळांवर अशा गाड्या दिवसाला एखाद-दोन डॉलर भाड्याने लागतात, कधी फेरीबोटीचं तिकीट किंवा टाकीभर इंधनही देतात. अट एकच: ठरलेल्या थोड्या दिवसांत पोहोचायचं. म्हणून मुख्य प्रवास यावर आखू नका. साउथ आयलंड निवांत पाहून झाल्यावर ऑकलंडला जाण्याचं साधन म्हणून ही गाडी उत्तम.

रात्रीच्या जागा

कॅम्परमेट हे मोफत ॲप फोनमध्ये घ्या. फुकट जागा, डॉकच्या साइट, टाकी ओतायची डम्प स्टेशनं, पिण्याचं पाणी आणि नाणी टाकून आंघोळ करता येणारी ठिकाणं त्यात नकाशावर दिसतात. तरी जागेवर पोहोचल्यावर तिथला फलक वाचा आणि ॲप काहीही म्हणत असलं तरी फलकाचं ऐका. कौन्सिल नियम बदलत असतात. क्वीन्सटाउन आणि वानाकाच्या परिसरात तर फुकट झोपायचा विचार न केलेलाच बरा.

डॉकच्या साइटचे वर्ग असतात. ‘बेसिक’ फुकट असतात आणि तिथे जेमतेम शौचालय असतं. त्यावरच्या वर्गांना माणशी शुल्क आहे. माउंट कुकच्या पायथ्याशी व्हाइट हॉर्स हिल आणि मिलफर्डच्या वाटेवर कॅस्केड क्रीक या दोन जागांसाठी मी कुठलंही हॉटेल सोडेन. सकाळी दार सरकवलं की समोर बर्फाचा डोंगर असतो, आणि ज्या हुकर व्हॅलीच्या पायवाटेसाठी लोक लांबून गाडी हाकत येतात ती व्हाइट हॉर्स हिलवरूनच सुरू होते. ‘ते आनाऊ’ गावापासून मिलफर्ड ११८ किलोमीटरवर आहे. रात्री कॅस्केड क्रीकला राहिलात तर सकाळी बसगाड्यांच्या आधी पोहोचता.

दर तिसऱ्या-चौथ्या रात्री हॉलिडे पार्कमध्ये विजेची जागा घ्या. दोघांना साधारण ५० ते ६० डॉलर पडतात. गरम पाण्याची आंघोळ, कपडे धुण्याचं मशीन, मोठं स्वयंपाकघर, टाकी ओतायची सोय आणि सगळी उपकरणं चार्ज, एवढं एका रात्रीत उरकतं. हा खर्च टाळणारे लोक आंघोळ, धुलाई आणि चार्जिंगवर सुटे सुटे पैसे घालवतात आणि वर दमतात.

फुकट जागेवर मात्र आपण पाहुणे आहोत हे विसरू नका. पर्यटकांनी झुडपांत घाण केली, भांडी तळ्यात विसळली, म्हणूनच कितीतरी सुंदर जागा बंद झाल्या आहेत. खरकटं पाणी टाकीतच जाऊ द्या, कचरा पुढच्या गावापर्यंत बरोबर न्या, आणि रात्री दारं आपटू नका. आपल्यामागून येणाऱ्या दुसऱ्या मराठी कुटुंबालाही ती जागा उघडी मिळायला हवी.

स्वयंपाक

बाहेर खाणं तिथे महाग आहे, त्यामुळे शेगडी रोज पेटली तरच व्हॅनचे पैसे वसूल होतात. घरून दोन लिटरचा कुकर चेक-इन सामानात न्या. मुगाच्या डाळीची खिचडी कुकरमध्ये पटकन होते आणि गॅसही कमी जळतो. कंपनीबंद पाकिटातले मसाले, पोहे, डाळी असं काही नेणार असाल तर आगमनाच्या घोषणापत्रात खाद्यपदार्थ आहेत असं निःसंकोच लिहा. लिहिलेलं फार तर काढून घेतात, पण न लिहिलेलं सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड होतो. मध, ताजी फळं-भाज्या, कढीपत्ता, बिया, घरचं तूप आणि खव्याची मिठाई घरीच ठेवा. लोणी तर त्या देशाचं नावाजलेलंच आहे, तिथेच घ्या.

भाजी-तांदूळ पॅक-अँड-सेव्ह या सुपरमार्केटमध्ये सर्वसाधारणपणे स्वस्त. क्राइस्टचर्चला गाडी घेतल्या दिवशीच आठवड्याचा शिधा भरा, कारण टेकापो किंवा फ्रांझ जोसेफसारख्या छोट्या पर्यटनगावांत त्याच वस्तू महाग मिळतात. काही सुपरमार्केटच्या बिलावर इंधनाची सवलत असते, बिल टाकू नका. फोडणी शक्यतो गाडीबाहेर किंवा कॅम्पच्या स्वयंपाकघरात द्या. आत दिली तर धुराचा अलार्म वाजतो आणि हिंग-मोहरीचा वास पांघरुणात मुरतो. काही कंपन्या अशा वासासाठी सफाईचे पैसेही लावतात.

चालवताना आणि परत देताना

इंधनाचे भाव गावोगाव बदलतात. गॅस्पी ॲपमध्ये जवळचा स्वस्त पंप दिसतो. डोंगराकडे वळण्यापूर्वी, म्हणजे माउंट कुकसाठी ट्वायझेलला आणि मिलफर्डसाठी ‘ते आनाऊ’ला, टाकी भरा. मोकळ्या रस्त्यावर १०० ची मर्यादा असली तरी भरलेली व्हॅन ८५-९० ने चालवली की इंधनात फरक दिसतो. मागे गाड्यांची रांग लागली तर बाजूला थांबून वाट द्या. आर्थर्स पास आणि मिलफर्डच्या वाटेवर किआ नावाचा पोपट गाडीची रबरं उपटतो. दिसायला गोड पक्षी आहे, पण त्याला खाऊ घालू नका आणि गाडी फार वेळ एकटी सोडू नका.

आजारपणासाठी प्रवास विमा हवाच. अपघाती दुखापतीवरचे उपचार तिथली सरकारी एसीसी योजना पर्यटकांनाही बऱ्याच अंशी देते, पण तापाला, दाढेला किंवा छातीत दुखण्याला ती लागू नाही.

गाडी ताब्यात घेताना चारही बाजू, छप्पर, काच आणि टायर यांचा व्हिडिओ काढा, मीटरचा फोटो घ्या. परतीच्या आदल्या रात्री क्राइस्टचर्चजवळच्या हॉलिडे पार्कमध्ये राहा, शौचालय आणि सांडपाण्याच्या टाक्या तिथेच रिकाम्या करा. भरलेली टाकी परत दिली तर जबर शुल्क लागतं. इंधन विमानतळापासून थोडं अलीकडे भरा. कंपनीच्या माणसासमोर पुन्हा व्हिडिओ काढा, नुकसान नसल्याचं लेखी घ्या, आणि कार्डवर अडवलेली रक्कम सुटेपर्यंत ते कागद फेकू नका. ती सुटायला भारतीय कार्डावर काही आठवडे लागू शकतात.