गट चालवताय की प्रवचन देताय? बायबल अभ्यासातल्या या चुका टाळा

कापूस वेचणीचे दिवस आले की आमच्या यवतमाळकडच्या गावांत संध्याकाळचा बायबल अभ्यास साडेसातच्या आत सुरू होत नाही. बाया दिवसभर वाकून वेचणी करतात, घरी येऊन चूल पेटवतात, लेकरांना जेवायला घालतात आणि मग सतरंजीवर येऊन बसतात. इतक्या थकलेल्या माणसांचा एक तास आपण मागून घेतो, तर त्या तासाचं आपण काय करतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. चौदा वर्षांत मी बरेच गट चालवले, आणि त्याहून जास्त वेळा नव्या गटचालकांच्या मागे बसून ऐकलं. चुका त्याच त्या. त्यातल्या दोन माझ्या हातून झाल्या आहेत, त्यांच्याबद्दल सविस्तर लिहितो.

चर्चेला बोलवायचं आणि प्रवचन द्यायचं

मत्तय २० मधला द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला घेतला होता. मालक सकाळपासून वेगवेगळ्या वेळी मजूर कामाला लावतो, शेवटचे अकराव्या तासाला, आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखाच एक दीनार देतो. आदल्या रात्री उशिरापर्यंत जागून तयारी केली. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, दिवस सूर्योदयापासून मोजायचा म्हणून अकरावा तास म्हणजे संध्याकाळचे पाच, हे सगळं सांगितलं. मग देवाच्या कृपेवर पाऊण तास बोललो. शेवटी विचारलं, "कोणाला काही बोलायचं आहे का?" कोणी बोललं नाही. प्रार्थना झाली, चहा आला.

चहा पिताना कोपऱ्यातली साठीची मावशी शेजारणीला हळूच म्हणाली, "त्यायले कोनं बोलावलंच नाई म्हून बसले होते ना थे. दिवसभर वाट पाहत बसनं कामाहून भारी असते माय. घरी जाऊन काय सांगाव, हेच डोक्यात रायते."

मी घरी येऊन सहावं आणि सातवं वचन पुन्हा वाचलं. मालक विचारतो, दिवसभर रिकामे का उभे? ते सांगतात, आम्हाला कोणी कामाला लावलं नाही. मी वर्षानुवर्षं त्या माणसांना उशिरा आलेले समजत होतो. मावशीला एका ऐकण्यात कळलं की त्यांना कामच मिळालं नव्हतं. ती चाळीस वर्षं रोजंदारीवर जाते. या दाखल्यावर बोलायचा त्या घरात सर्वांत जास्त हक्क तिचा होता, आणि पाऊण तास मी तिला तोंड उघडू दिलं नाही.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. प्रश्न विचारला की पाण्याचा गडू उचलायचा आणि सावकाश पाणी प्यायचं. गडू खाली ठेवल्यावरही कोणी बोललं नाही, तर मनात वीसपर्यंत मोजायचं. बहुतेक वेळा पंधराच्या आसपास कोणीतरी घसा खाकरतं. नव्या चालकांना ही शांतता सोसत नाही. तिसऱ्या सेकंदाला ते स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात, आणि दोन मंगळवारांत गटाला कळतं की इथे थांबलं की उत्तर आयतं मिळतं.

जी माहिती नसेल तर उतारा चुकीचा कळेल, तेवढीच आधी सांगा. दिनाराची गोष्ट एका वाक्यात होते. बाकीचं कोणी विचारलं तर.

पाळीपाळीने वाचायला लावणं

ही चूक दिसत नाही, म्हणून ती मला जास्त वाईट वाटते. "चला, प्रत्येकाने दोन-दोन वचनं वाचा," असं म्हणून पुस्तक फिरवायचं. सगळ्यांना भाग मिळतो, असं चालकाला वाटतं.

आमच्या एका गटात एक बाई सलग तीन मंगळवार आल्या नाहीत. विचारलं की सांगायच्या, वावरात काम आहे, पाहुणे आले आहेत. चौथ्या आठवड्यात त्यांच्या सुनेने मला बाजूला घेऊन सांगितलं, "भाऊ, आईले वाचता येत नाई. पुस्तक जवळ येऊ लागलं का त्यायचा जीव घाबरते." तेव्हा मला आठवलं. आधीच्या वेळी पुस्तक त्यांच्याजवळ आल्यावर त्यांनी चष्मा घरी राहिला असं सांगितलं होतं. त्या चष्मा लावतच नव्हत्या, आणि मी "बरं, पुढचे वाचा" म्हणून पुढे गेलो होतो.

आता आमच्याकडे एकच जण वाचतो, सावकाश, दोनदा. मग पुस्तकं मिटायची आणि ऐकलेलं आपल्या शब्दांत सांगायचं. एकाने सुरू करायचं, सुटलं ते दुसऱ्याने भरायचं. त्या बाई परत आल्या. ओव्या, कहाण्या ऐकून लक्षात ठेवायची त्यांना लहानपणापासून सवय, त्यामुळे त्यांच्या सांगण्यातून एकही गोष्ट सुटत नाही. शिकलेली पोरं मात्र हमखास मधलं काहीतरी गाळतात.

प्रश्न आणि घाई

"देव आपल्यावर प्रेम करतो ना?" याला "हो" याशिवाय उत्तर नाही. असे दहा प्रश्न विचारून चर्चा होत नाही. लूक १५ मधली, घर सोडून गेलेला धाकटा मुलगा परत येतो ती गोष्ट घेत असाल तर विचारा, "धाकटा घरी आला तेव्हा थोरला कुठे होता?" तो शेतात होता, वचनात तसं लिहिलं आहे. मग विचारा, "त्याला निरोप कोणी का पाठवला नसेल?" आमच्याकडे यावर वाटणी, सातबारा, बांधावरची भांडणं सगळं निघतं. निघू द्या. फक्त दहा मिनिटांनी माणसांना पुन्हा त्या अंगणात आणा, जिथे बाप थोरल्याची समजूत काढायला बाहेर आला आहे.

मोबाईलवर येणाऱ्या तयार प्रश्नांच्या याद्या मी वापरत नाही, आणि तुम्हीही वापरू नका. त्या लिहिणाऱ्याला तुमच्या सतरंजीवर कोण बसलं आहे ते माहीत नसतं. उतारा आठवडाभर रोज वाचा, म्हणजे प्रश्न आपोआप सुचतात. यात जवळची वाट नाही. रोमकरांस पत्राचे सोळा अध्याय एका महिन्यात संपवायला निघालेले उत्साही तरुण मी पाहिले आहेत. त्यांची वही भरते, गटाच्या हाती काही लागत नाही. रूथच्या पुस्तकाचे चार अध्याय आम्ही दहा मंगळवार वाचले. रूथसारखा सरवा, म्हणजे कापणीनंतर मागे राहिलेली कणसं, वेचायचा म्हणजे काय, हे मला गटातल्या बायांनी समजावलं. कापणीनंतर कोणता शेतकरी वावरात येऊ देतो आणि कोणता हाकलतो, हे त्यांना पाठ होतं. शेताचा मालक बवाज रूथसाठी नोकरांना मुद्दाम काही कणसं टाकायला सांगतो, तिथे एक आजी रडल्या.

भाषेचंही तेच. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं बायबलचं भाषांतर करण्यात घातली, गावच्या साध्या बायकांना कळेल अशा मराठीत, आणि १९२२ मध्ये त्या वारल्या. त्यांनी इतके कष्ट घेतल्यावर आपण गटात "नीतिमत्त्व" आणि "प्रायश्चित्त" हे शब्द न फोडता वापरणं बरं नाही.

बाकीचं थोडक्यात. सगळे खाली बसले असतील तर खुर्चीवर बसू नका. फार बोलणाऱ्याला समोर न बसवता आपल्या शेजारी बसवा, नजरानजर कमी झाली की तो थोडा थांबतो. उत्तर चुकलं तर "चूक" म्हणू नका, "हे कोणत्या वचनात दिसलं?" एवढं विचारा, तो स्वतः शोधतो. आणि साडेआठला आमेन म्हणजे साडेआठलाच, सकाळी लोकांना कामावर जायचं असतं.

एक मात्र थोडक्यात सांगून भागणार नाही. गटात बोललेलं बाहेर नेऊ नका. गावात रात्री बोललेली गोष्ट सकाळी हापशीवर पोचते. एकाने प्रार्थनेच्या वेळी सावकाराच्या कर्जाबद्दल सांगितलं. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात कोणीतरी त्याला आकड्यासकट विचारलं. आता प्रत्येक अभ्यासाच्या सुरुवातीला मी ही सूचना देतो, जुन्या लोकांनाही. त्याच्या घरी मी दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा त्याने चहा पाजला, सोयाबीनच्या भावाबद्दल बोलला. तो अजून परत आलेला नाही.