लष्करी कामासाठी खासदारांचं पत्र घेताय? या चुका टाळा

कुटुंब निवृत्तिवेतन अडकलं, स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर नाव जुळेना, रेकॉर्ड ऑफिसकडून उत्तर येईना, की गावातला पहिला सल्ला असतो: "खासदारांचं पत्र आणा." सल्ला चुकीचा नाही. मात्र खासदार पेन्शन मंजूर करत नाहीत आणि पीपीओवरचं (पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश) नावही बदलू शकत नाहीत. ते विचारणा करू शकतात. त्यांचं पत्र संरक्षण मंत्रालयात जातं, तिथून खाली उतरत उतरत शेवटी तुमचं काम अडलेल्या टेबलावरच पोचतं. त्या टेबलावर कागद अपुरे असतील, तर पत्र कितीही मोठ्या माणसाचं असो, उत्तर तेच मिळणार.

म्हणून सर्वांत मोठी चूक म्हणजे काम नेमकं कुठे अडलंय हे न शोधताच पत्र मागायला जाणं. सैनिकाची सेवापुस्तिका आणि कुटुंबाच्या नोंदी त्याच्या रेकॉर्ड ऑफिसकडे असतात: मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावला, महार रेजिमेंटच्या सागरला, तोफखान्याच्या नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सच्या खडकीला. पेन्शनची मंजुरी आणि स्पर्शचं काम प्रयागराजच्या पीसीडीए (पेन्शन) या संरक्षण लेखा विभागाच्या कार्यालयाकडे असतं. जमिनीचा वाद, सातबारा, घरपट्टीतली सवलत यांचा संरक्षण मंत्रालयाशी संबंध नाही. त्यासाठी तहसीलदार, पालिका किंवा ग्रामपंचायत आणि गरज पडली तर आमदार. पेन्शनसाठी आमदारांकडे आणि सातबाऱ्यासाठी खासदारांकडे हेलपाटे घालणारी कितीतरी कुटुंबं दिसतात, आणि त्यांचे महिने वाया जातात याचं फार वाईट वाटतं.

आपल्याकडे सर्वाधिक घोळ नावाचा होतो. लग्नात बायकोचं नाव बदललेलं असतं. जवानाने युनिटमध्ये लग्नाची नोंद करताना कधी माहेरचं नाव दिलेलं असतं, कधी घरातलं. पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे लग्न-कुटुंबाची नोंद करणाऱ्या लष्करी आदेशात, 'लक्ष्मी' असतं, आधारवर 'लक्ष्मीबाई', बँकेत आडनाव आधी, जन्मतारीख तर तिन्ही कागदांवर वेगळी. पती हयात असताना याची कुणी दखल घेत नाही, आणि ते गेल्यावर त्याच बाईला स्वतःची ओळख सिद्ध करत फिरावं लागतं. ही तफावत खासदारांच्या पत्राने मिटत नाही. ती प्रतिज्ञापत्र, लग्नाचा पुरावा आणि रेकॉर्ड ऑफिस मागेल ते कागद देऊनच मिटते. हे सगळं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा आणि पोच जपून ठेवा. त्यानंतरही हालचाल नसेल, तेव्हा खासदारांच्या पत्राला खरा उपयोग असतो, कारण आता विचारायला तारीख आणि जावक क्रमांक हाती असतो. पती हयात असतील तर या नोंदी आजच तपासून घ्या.

दुसरी चूक मागणीच्या भाषेत. "माझ्यावर अन्याय झाला आहे, न्याय मिळवून द्यावा" या वाक्यावर कोणतंही कार्यालय काही करू शकत नाही. एका पानाचा अर्ज पुरे. वर सैन्य क्रमांक, हुद्दा, रेजिमेंट, सेवानिवृत्तीची तारीख, पीपीओ क्रमांक. खाली असं काही: "कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज अमुक तारखेला दिला. नावातील तफावतीचे प्रतिज्ञापत्र अमुक तारखेला पोचले, पोच सोबत जोडली आहे. दुरुस्तीची पार्ट टू ऑर्डर निघाली का, नसल्यास कोणता कागद कमी आहे, हे लेखी कळवावे." खासदारांना मराठीत लिहा, पण जोडपत्राची एक प्रत हिंदी किंवा इंग्रजीत द्या, कारण ती बेळगावला किंवा प्रयागराजला वाचली जाणार आहे. अर्ज मुलाने लिहिला तरी सही किंवा अंगठा आईचाच हवा. व्हॉट्सअ‍ॅपवर कागदांचे फोटो टाकून काम होत नाही. पोर्टलचा पासवर्ड आणि ओटीपी कुणालाही देऊ नका, कितीही ओळखीचा कार्यकर्ता असो.

राष्ट्रपती, पंतप्रधान, मुख्यमंत्री आणि चार खासदार, सगळ्यांना एकाच दिवशी अर्ज पाठवू नका. ते सगळे एकाच जागी गोळा होतात आणि प्रत्येकाला "प्रकरण विचाराधीन" असं उत्तर जातं. एक खासदार, तेही शक्यतो आपल्या मतदारसंघाचे.

सेवेत असलेल्या जवानाची गोष्ट वेगळी. बदली, रजा, बढती यांसाठी राजकीय वजन वापरणं शिस्तीत बसत नाही, आणि वडिलांनी प्रेमापोटी नेलेल्या पत्राचा त्रास मुलालाच होऊ शकतो. घरी आजारपण असेल तर मुलाने कमांडिंग ऑफिसरकडे अर्ज करावा. तिथून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे खातरजमेसाठी विचारणा येऊ शकते. सेवेतल्या तक्रारीसाठी सैन्य अधिनियम 1950 मध्येच वाट दिली आहे: कलम 26 जवानांसाठी, 27 अधिकाऱ्यांसाठी.

आता जी चूक भरून निघत नाही, ती. अपंगत्व पेन्शन नाकारल्याचा आदेश हातात असेल, तर अपिलाची मुदत चालू झालेली असते. सशस्त्र सेना न्यायाधिकरणात, ज्याचं खंडपीठ मुंबईतही आहे, अंतिम आदेशापासून साधारण सहा महिन्यांत जावं लागतं. खासदारांच्या पत्राची वाट पाहिल्याने ही मुदत थांबत नाही, वरचेवर अर्ज केल्यानेही वाढत नाही. पत्र पाठवा, पण त्याच आठवड्यात वकिलालाही भेटा.

पत्र गेलं की खासदारांच्या कार्यालयातून त्याची प्रत आणि जावक क्रमांक मागून घ्या. संसद सदस्याच्या पत्राची पोच केंद्रीय कार्यालयाने 15 दिवसांत द्यावी आणि पुढच्या 15 दिवसांत उत्तर द्यावं, असे केंद्र सरकारचे निर्देश आहेत. महिना उलटला तर स्वीय सहायकांना त्याच क्रमांकावर स्मरणपत्र काढायला सांगा. "संबंधित कार्यालयाकडे पाठवले आहे" एवढंच उत्तर आलं, तर ते कार्यालय कोणतं आणि कोणत्या तारखेच्या पत्राने पाठवलं, हे 10 रुपये भरून माहिती अधिकारात विचारा.