नको असलेली सवय मोडायची आहे? एनएलपीची ‘स्विश’ पद्धत अशी करा

नखं कुरतडणारा माणूस ‘आता कुरतडू या’ असं ठरवून कधी बसत नाही. वाचता वाचता अंगठा बाकीच्या बोटांवरून फिरत असतो, एखाद्या नखाचं खरखरीत टोक लागतं, ते काढून टाकावंसं वाटतं आणि हात तोंडाशी जातो. भानावर येईपर्यंत नख तुटलेलं असतं. सवय मोडायची तर ते टोक लागल्याचा क्षण पकडायला हवा. न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग म्हणजेच एनएलपी ही विचार आणि भाषेच्या सवयी बदलून वागणं बदलू पाहणारी पद्धत, आणि तिच्यातली ‘स्विश’ नेमकी तिथेच काम करते: त्या क्षणाचं मनातलं चित्र झटक्यात हटवून तिथे हव्या त्या वागण्याचं दुसरं चित्र आणायचं.

रिचर्ड बँडलर आणि जॉन ग्राइंडर यांनी १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात एनएलपी मांडली. तिच्याबद्दल मोठमोठे दावे केले जातात, पण ‘ब्रिटिश जर्नल ऑफ जनरल प्रॅक्टिस’मध्ये २०१२ साली आलेल्या आढाव्यात आरोग्यावरच्या परिणामांचा पुरेसा पुरावा सापडला नव्हता. त्यामुळे दारू किंवा तंबाखूचं व्यसन असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकदम बंद करणं धोक्याचं ठरू शकतं. नखं कुरतडणं, सारखा मोबाइल उघडणं अशा सवयींसाठी मात्र हा सराव जरूर करून पाहावा. त्यात गमावण्यासारखं काही नाही.

पहिलं काम नोंदी ठेवण्याचं, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. तीन-चार दिवस, सवय झाली की लगेच लिहा: त्याच्या आधी काय घडलं? हात कुठे होते, डोळ्यांसमोर काय होतं, मनात काय चाललं होतं? बहुतेक लोक ही पायरी गाळतात आणि कुरतडलेल्या बोटांचं चित्र डोळ्यांसमोर आणतात. ते शेवटचं चित्र झालं. आपल्याला हवं सुरुवातीचं, तेही स्वतःच्या डोळ्यांतून दिसणारं: समोर पुस्तक, आणि खालून वर येणारा आपलाच हात.

त्याच नोंदींवरून ही सवय तुम्हाला काय देते तेही शोधा. काम अडलं की ताण हलका होतो? कंटाळा जातो? ती गरज खरी आहे. तिला दुसरी वाट दिली नाही तर सवय वेगळ्या रूपात परत येते.

आता दुसरं चित्र. यात स्वतःला बाहेरून पाहा. नुसती छान नखं पुरेशी नाहीत. त्याच अडलेल्या क्षणी शांत बसलेले, हात सैल सोडलेले तुम्ही दिसायला हवेत. ‘मला असं व्हायचंय’ असं आतून वाटेपर्यंत चित्र बदलत राहा.

मग डोळे मिटा. पहिलं चित्र मोठं आणि लख्ख करा, त्याच्या कोपऱ्यात दुसरं लहान आणि अंधूक ठेवा. एका झटक्यात दुसरं मोठं होऊन सगळीकडे पसरू द्या. पहिलं आक्रसून विझू द्या. एवढ्याला सेकंदभर पुरे. डोळे उघडा, इकडेतिकडे पाहा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. असं पाच ते सात वेळा. मध्ये डोळे उघडायला विसरू नका, नाहीतर मन परतीची वाटही गिरवत बसतं.

शेवटी पहिलं चित्र मुद्दाम आणून बघा. ते टिकत नसेल किंवा दुसरंच पुढे येत असेल तर जमलं. नसेल जमलं तर बहुधा पहिलं चित्रच चुकलंय. नोंदी पुन्हा काढा.

याच्या जोडीला हातांना पर्यायी कृती द्या. नेथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन यांनी १९७३ साली मांडलेल्या सवय-उलटवण्याच्या उपचारात हा महत्त्वाचा भाग होता, आणि त्या उपचाराला संशोधनाचा आधार चांगला आहे. टोक बोटाला लागलं की मूठ घट्ट मिटून मिनिट-दोन मिनिटं धरा, मग ते टोक नेल फाइलने घासून टाका.

‘२१ दिवसांत सवय बदला’ या जाहिरातीवर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला १८ पासून २५४ दिवसांपर्यंत वेळ लागेल असा अंदाज निघाला, आणि मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही असंही दिसलं. म्हणून हात पुन्हा तोंडाशी गेलाच तर तेवढीच नोंद करा: या वेळी आधी काय घडलं होतं? कारण वेगळं निघालं, समजा पुस्तकाऐवजी लांबलेला फोन, तर त्या क्षणाचं पहिलं चित्र नव्याने तयार करून स्विश पुन्हा करा.