इंग्लिश स्पेलिंग सुधारायचंय? आधी आपल्या चुकांची वही काढा

पुण्यात सदाशिव पेठेत, नवी पेठेत फिरताना कॉट बेसिसच्या, म्हणजे एकेक कॉट भाड्याने देणाऱ्यांच्या, पाट्या बघा. अकोमोडेशन या शब्दाची जेवढी स्पेलिंग शक्य आहेत तेवढी सगळी भिंतींवर सापडतील. कुणी एक एम खातो, कुणी एक सी खातो. आणि त्याच पाटीखालून जाणारी पोरं एमपीएससीच्या, एसएससीच्या (दहावी नाही, केंद्राचं स्टाफ सिलेक्शन कमिशन) अभ्यासाला अभ्यासिकेत जाऊन बसतात, तिथे पेपरात हाच शब्द येतो आणि नेमका अर्धा मार्क मायनस होतो. एसएससीच्या सीजीएल या पदवीधरांच्या परीक्षेत, टियर १ म्हणजे पहिल्या टप्प्यात, चुकीच्या उत्तराला ०.५० कापतात, म्हणजे मिळणारे २ गेले ते गेले, वर अर्धा खिशातून.

आता मुद्द्याचं. स्पेलिंग कच्चं आहे म्हणून लोक अप्पा बळवंत चौकात जातात, हजार शब्दांचं जाडजूड पुस्तक आणतात, ए पासून पाठ करायला बसतात आणि बी येईपर्यंत कंटाळतात. याची गरजच नाहीये. रोजच्या लिखाणात तुम्ही जे शब्द चुकता ते थोडेच असतात आणि तेच तेच पुन्हा पुन्हा चुकता. ते कुठले हे शोधलं की अर्धं काम झालं.

शोधायचं कसं? मागचे दोन-तीन महिने तुम्ही पाठवलेले ईमेल, टेस्ट सिरीजचे पेपर, रजेचे अर्ज, काय असेल ते काढा. लाल रेघ आलेला, ऑटोकरेक्टने बदललेला, लिहिताना पेन अडकलं तो प्रत्येक शब्द एका साध्या वहीत बरोबर स्पेलिंगने लिहा. बरोबरच, चुकीचं शेजारी लिहू नका हं, डोळ्याला दोन्ही दिसलं की आठवड्याने दोन्ही सारखंच ओळखीचं वाटायला लागतं. शब्दात जिथे घोळ होतो तेवढंच अक्षर लाल पेनाने करा. सेपरेटमध्ये पूर्ण शब्द कुणी चुकत नाही, पी नंतर ए की ई एवढाच प्रश्न असतो (ए आहे), मग तेवढा ए लाल.

आता आपण मराठी माणसं नेमकं कुठे घसरतो ते बघू, कारण हे इंग्रजांसाठी लिहिलेल्या पुस्तकात मिळत नाही. आपल्याला लहानपणापासून सवय आहे की ऐकू येतं तसं लिहायचं. देवनागरीत ते बऱ्यापैकी जमतं (ऱ्हस्व-दीर्घाचा विषय इथे नको, त्यावर पुण्यात दिवसभर भांडता येईल). पण इंग्लिशमध्ये एकाच क च्या आवाजाला सी, के, सीके, सीएच, क्यू असे पाच दरवाजे आहेत. आणि शेवटचा अन्स ऐकून ए-एन-सी-ई की ई-एन-सी-ई हे कानाला कळणं शक्यच नाही. तेव्हा कानावर भरवसा ठेवू नका, किंवा मग कानालाच फसवा.

फसवा म्हणजे असं, की प्रत्येक अवघड शब्दाचा एक खोटा उच्चार तयार करा, जो फक्त लिहिताना मनात म्हणायचा, मोठ्याने नाही. वेन्सडे लिहिताना मनात वेड-नेस-डे. फेब्रुवारीला फेब-रु-अरी, म्हणजे आर पण येतो आणि यू पण. गव्हर्मेंट न म्हणता गव्हर्न-मेंट, मग एन राहून जात नाही. एन्व्हायर्नमेंटचं पण तेच, व्हायरन-मेंट. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर कायम चुकणारा मेंटेनन्स आठवा, लोकांच्या डोक्यात मेंटेन असतो म्हणून मधे ए-आय घुसवतात. तिथे मुख्यवाला मेन, मग दहावाला टेन, मग ए-एन-सी-ई असं तोडा. प्रोनन्सिएशनमध्ये ओ-यू नाही, चर्चमधली नन आहे, एन-यू-एन. हे बालिश वाटतं, पण ऐन पेपरात हेच आठवतं.

उलट काही ठिकाणी आपला मराठी उच्चार फायद्याचा आहे. इंग्रज माणूस व्हेजिटेबल, कम्फर्टेबल म्हणताना मधले स्वर गिळून टाकतो, आपण सगळी अक्षरं नीट म्हणतो, त्यामुळे हे शब्द आपले सहसा चुकत नाहीत. कुणी तुमच्या उच्चाराला हसलं तर हसू दे.

डबल अक्षरांचं मात्र काहीच ऐकू येत नाही, ते आकड्यानेच लक्षात ठेवायचं. अकोमोडेशन: दोन सी, दोन एम. कमिटी: दोन एम, दोन टी, दोन ई, सगळं जोडीने. नेसेसरी: एक सी, दोन एस. एम्बॅरस: दोन आर, दोन एस. रेकमेंडमध्ये सी एकच, कारण तो री अधिक कमेंड आहे. हे जोडणीचं लक्षात आलं की पुढचे बरेच सुटतात. डिस अधिक अपीअर, एस एक. डिस अधिक सॅटिस्फाइड, एस दोन. मिस अधिक स्पेल, एस दोन. अन अधिक नेसेसरी, एन दोन. काही विचार करावा लागत नाही, नुसतं जोडायचं.

नियम फार पाठ करू नका, पण एक खरंच कामाचा आहे. आयएनजी किंवा ईडी लावताना शेवटचं अक्षर डबल कधी होतं? शेवटी एक स्वर आणि त्यावर एक व्यंजन असेल आणि बोलताना जोर शेवटच्या तुकड्यावर असेल तर. बिगिनमध्ये जोर गिनवर म्हणून बिगिनिंगला दोन एन. ओकरमध्ये करवर म्हणून ओकर्डला दोन आर. ओपनमध्ये जोर ओ वर, म्हणून ओपनिंगला एन एकच, व्हिजिटिंगला टी एकच. प्रिफरचा प्रिफर्ड होताना दोन आर, पण प्रेफरन्स म्हणताना जोर पहिल्या तुकड्यावर सरकतो म्हणून आर परत एक. ट्रॅव्हलिंगला ब्रिटिश पद्धतीत तरीही दोन एल असतात, तो अपवाद पाठच करा. शाळेतला तो "ई च्या आधी आय, पण सी नंतर उलटं" वाला नियम रिसीव्ह, सीलिंग, डिसीव्ह यांच्यासाठी ठीक आहे, पण वीअर्ड, सीझ, सायन्स तिन्ही त्याला जुमानत नाहीत, म्हणून त्याच्यावर फार विसंबू नका.

हा सगळा गोंधळ आहे कशामुळे असं पोरं विचारतात. थोडक्यात सांगायचं तर १४७६ मध्ये कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना सुरू केला, तिथून पुढे स्पेलिंग हळूहळू पक्की होत गेली आणि बोलणं मात्र बदलत राहिलं. नाइटमधला के पूर्वी खरंच म्हणायचे. आणि कर्जवाल्या डेटमधला बी, रिसीटमधला पी हे तर विद्वानांनी लॅटिनशी नातं दाखवायला मागाहून घुसवलेत, त्यामुळे तिथे लॉजिक शोधू नका, लाल पेन काढा.

सरावाची पद्धत सोपी आहे. शब्द बघा, झाका, हाताने लिहा, उघडून तपासा. रोज पाच-सात शब्द, जास्त नको. दुसऱ्या दिवशी परत, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. एकच शब्द दहादा लिहायची शाळेतली शिक्षा करू नका, तिसऱ्या वेळेनंतर हात चालतो आणि डोकं बसस्टॉपवर उभं असतं. घरात कुणी असेल तर इंग्लिश पेपरातला एक पॅरा वाचायला सांगून डिक्टेशन घ्या. कुणी नसेल तर मोबाइलवर स्वतःच रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका आणि लिहा.

मोबाइलचं सेटिंग पण बघा. कीबोर्डची भाषा अमेरिकन इंग्लिश असेल तर तो कलरमधला यू बरोबर असूनही लाल करतो. अमेरिकन डिक्शनरीवाल्या वेब्स्टरने हा यू काढला तो अमेरिकेसाठी, आपल्याकडे शाळा, सरकारी कामकाज सगळं साधारण ब्रिटिश पद्धतीने चालतं, तर भाषा इंग्लिश (इंडिया) करून टाका. आणि सराव करताना ऑटोकरेक्ट बंद, पण लाल रेघ चालू. चूक दाखवू दे, दुरुस्त तुम्ही करा.

लाल रेघ जिथे येतच नाही ते शब्द जास्त धोक्याचे. लूज, एक ओ म्हणजे हरवणं आणि दोन ओ म्हणजे सैल. स्टेशनरी, वह्या-पेनांची असेल तर ई-आर-वाय, एन्व्हलपचा ई धरा. शाळेला अर्ज लिहिताना प्रिन्सिपल सरांचा शेवट पी-ए-एल, तत्त्ववाला पी-एल-ई. चेकवर फोर्टी लिहिताना यू नाही, फोर आणि फोर्टीनमध्ये आहे, फोर्टीत नाही. नाइन्टीत ई आहे, नाइन्थमध्ये नाही.

पेपरात चार पर्याय दिसले की आधी पर्याय वाचू नका. शब्द कुठला ते कळलं की रफ कागदावर स्वतः लिहा आणि मग जुळवा, कारण चार जवळजवळ सारखी स्पेलिंग अर्धा मिनिट बघितली की बरोबर असलेलं पण चुकीचं वाटायला लागतं. कागदावर लिहिलेलंच जमत नसेल आणि दोन पर्यायांत पण अडकला असाल तर पुढच्या प्रश्नावर जा. घरी आल्यावर तो शब्द वहीत.

आणि लिहिलेलं तपासताना शेवटून सुरुवातीकडे एकेक शब्द वाचा. सरळ वाचलं की डोकं अर्थाच्या मागे पळतं आणि चूक दिसतच नाही. अर्ज, रेझ्युमे, ऑफिसचा मोठा ईमेल असेल तेव्हा तरी हे कराच, व्हॉट्सॲपवर नाही केलं तरी चालेल.