पेल्विक फ्लोअरचे व्यायाम: या चुका टाळा

खोकताना, शिंकताना लघवी गळते, बाळंतपणानंतर खाली काहीतरी उतरल्यासारखे वाटते, प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर लघवीवर ताबा राहत नाही, अशा तक्रारी घेऊन माझ्यासारख्या फिजिओथेरपिस्टकडे येणारे बहुतेक जण खुर्चीत बसता बसताच सांगतात की, "केगल करून पाहिले, काही उपयोग झाला नाही." त्यावर मी त्यांना तो व्यायाम, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे (पेल्विक फ्लोअरचे) स्नायू आवळून सोडणे, करून दाखवायला सांगते आणि उपयोग का झाला नाही याचे उत्तर बहुधा तिथेच मिळते. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये या व्यायामांविषयी लिहिले, तेव्हा त्यांच्या पद्धतीत योनिमार्गातील दाब मोजणारे उपकरणही होते. स्नायू खरोखर आकसतो आहे की नाही, हे त्या स्त्रीला आकड्यात दिसत असे. पुढे व्यायाम घरोघरी पोहोचला आणि तपासणी मागे राहिली. खालच्या बहुतेक चुका त्यातूनच जन्मलेल्या आहेत.

वर ओढण्याऐवजी खाली ढकलणे

पेल्विक फ्लोअरचे स्नायू पुढे जघनास्थीपासून मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखे ताणलेले असतात. ते आकसले की लघवीचा, योनीचा आणि शौचाचा मार्ग आवळला जातो आणि संपूर्ण तळ किंचित वर व पुढे उचलला जातो. प्रत्यक्षात "आवळा" म्हटल्यावर अनेक जण श्वास कोंडतात, पोट फुगवतात आणि कुंथतात, म्हणजे ज्या तळाला बळकट करायचे त्यालाच रोज जोर लावून खाली रेटतात. ज्यांचे अंग आधीच बाहेर येऊ लागले आहे, त्यांच्यासाठी हा प्रकार निरुपयोगीच नव्हे, तर नुकसानकारक आहे.

हे घरी ओळखता येते. गुडघे वाकवून पाठीवर पडावे, हातात छोटा आरसा धरावा आणि वायू रोखून धरतो तसे आकसून पाहावे. योनी आणि गुदद्वार यांच्यामधला भाग आत ओढला गेला तर दिशा बरोबर आहे, आणि तो बाहेर फुगला तर व्यायाम त्या क्षणी थांबवावा. पुरुषांना शिश्नाचे मूळ किंचित आत गेलेले आणि अंडकोश वर सरकलेला दिसायला हवा. या वेळी नितंब, मांड्या आणि खांदे शांत असावेत. मी सगळ्यांना आकडे मोठ्याने मोजायला लावते, कारण बोलत असलेल्या माणसाला श्वास कोंडून धरता येत नाही. सुरुवातीला ओशाळल्यासारखे होते, पण या सवयीने जितक्या लोकांची दिशा सुधारलेली मी पाहिली आहे, तितकी कोणत्याही महागड्या उपकरणाने सुधारलेली पाहिलेली नाही.

आवळलेला स्नायू आणखी आवळत राहणे

ही माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक आहे, कारण ती करणारी माणसे आळशी नसतात, उलट फार मेहनती असतात. माझ्याकडे एक शिक्षिका आल्या होत्या. बाळंतपणानंतर थोडी लघवी गळू लागली म्हणून त्यांनी मोबाइलवरील ॲप लावून व्यायाम सुरू केला होता आणि वर्गात फळ्याकडे वळल्या तरी त्या आवळत असत. काही महिन्यांत गळणे थांबले नाहीच, शिवाय लघवीची घाई वाढली, शौचाला साफ होईना आणि शरीरसंबंध वेदनादायक झाला. त्यांच्या संमतीने आतून तपासले तेव्हा स्नायू विश्रांतीतही ताठ लागत होता आणि एका बाजूला बोट टेकताच नेमकी तीच ओळखीची कळ उठली. आकसायला सांगितले तर हालचाल जेमतेम जाणवली, कारण जो स्नायू आधीच आकसलेला आहे त्याला आणखी आकसायला जागाच उरत नाही. मग सैल सोडायला सांगितले, तेव्हा त्यांनी विचारले, "सोडायचे म्हणजे नक्की काय करायचे?"

त्यांचे सर्व आवळण्याचे व्यायाम मी बंद केले आणि त्या माझ्यावर रागावल्या. पहिले काही आठवडे त्या घरी चोरून आवळतच होत्या, आणि हाताला ते कळत होते. नंतर मात्र त्यांनी नेटाने दुसरे काम केले. गुडघ्यांखाली उशा ठेवून पडायचे, श्वास पोटात घ्यायचा आणि श्वास आत येताना श्वासपटल खाली येते त्याबरोबर तळही खाली सैल उतरू द्यायचा, एवढेच ते काम होते. जोडीला मी हाताने आतील ताठर भाग हळूहळू मोकळा करत गेले. आधी घाई कमी झाली, मग वेदना, आणि त्यानंतर कुठे आम्ही थोडेसे बळकटीचे व्यायाम सुरू केले. गळणे थांबले ते या शेवटच्या टप्प्यात.

लघवी सुरू व्हायला वेळ लागणे, धार अडखळणे, बसल्यावर दुखणे, संबंधाच्या वेळी वेदना होणे, शौचाला पूर्ण न झाल्याची भावना राहणे, यांपैकी काही असेल तर ॲप बंद करून आधी तपासून घ्यावे. ॲप आवळणे मोजते, सोडणे मोजत नाही. प्रत्येक आकुंचनानंतर निदान तितकाच वेळ पूर्ण सैल राहणे हा व्यायामाचाच भाग आहे.

थोडक्यात, पण तितक्याच नेहमीच्या

लघवी करताना मध्येच धार थांबवणे हा व्यायाम नाही. त्याची सवय लावल्यास मूत्राशय पूर्ण रिकामे होण्यात अडथळा येतो.

घराबाहेर पडण्यापूर्वी "असू दे, एकदा जाऊन येते" म्हणत दर तासाला जाणाऱ्यांचे मूत्राशय थोड्याच लघवीला घाई करायला शिकते. तीन दिवस वेळ आणि प्रमाण लिहून ठेवावे, मग दोन वेळांमधले अंतर दहा-पंधरा मिनिटांनी वाढवत तीन-चार तासांपर्यंत न्यावे. घाई उठली की पळत सुटू नये; जागीच थांबून काही वेळा पटकन आकसावे, लाट ओसरू द्यावी आणि मग चालत जावे. पाणी कमी पिणे हा उपाय नाही, कारण दाट लघवी मूत्राशयाला अधिक चेतवते आणि बद्धकोष्ठही वाढते.

शौचाला कुंथणे चालू ठेवून व्यायामाकडून अपेक्षा करू नये. कमोडवर बसताना पायांखाली छोटे स्टूल घ्यावे.

खोकला आल्यानंतर आवळून उपयोग नसतो. खोकण्याच्या, शिंकण्याच्या किंवा वजन उचलण्याच्या क्षणभर आधी आवळावे लागते.

विद्युत उत्तेजनाचे यंत्र ज्यांना स्वतःहून स्नायू आकसताच येत नाही त्यांच्यासाठी आहे, कंटाळा येणाऱ्यांसाठी नाही.

दोन आठवड्यांत "फरक नाही" म्हणून सोडून देणाऱ्यांबद्दल माझ्याकडे फारशी सहानुभूती उरलेली नाही. ब्रिटनमधील नाइस संस्थेच्या मार्गदर्शक सूचना लघवी गळणाऱ्या स्त्रियांसाठी दिवसातून तीन वेळा, दर वेळी किमान आठ आकुंचने आणि किमान तीन महिने देखरेखीखाली सराव सांगतात. तीन महिने म्हणजे तीन महिने.

लघवीत रक्त दिसल्यास व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावे. जांघेत व गुदद्वाराभोवती बधिरता आली, पायांतली शक्ती कमी झाली किंवा लघवी अचानक तुंबली, तर फिजिओथेरपिस्टची वेळ घेत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात पोहोचावे.