सीमाभागात अल्पदरातील दवाखाना चालवायचा असेल तर

कर्नाटकातल्या मराठी सीमाभागात एखाद्या ट्रस्टने किंवा गावकऱ्यांच्या मंडळाने आरोग्याचे काम हाती घेतले की सुरुवात बहुधा शिबिराने होते. शे-दीडशे जणांचा रक्तदाब मोजला जातो, त्यातल्या काहींना पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळतात, फोटो निघतात आणि सोळाव्या दिवसापासून ती माणसे पुन्हा गोळ्यांविना राहतात. म्हणून दवाखान्याची आखणी पहिल्या दिवसाच्या गर्दीवरून न करता, सहा महिन्यांनी तोच रुग्ण परत येईल का, या प्रश्नावरून करावी.

कागदपत्रे आधी उरकावीत. संस्था न्यास किंवा सोसायटी म्हणून नोंदलेली असली तरी दवाखान्याची वेगळी नोंदणी कर्नाटक खासगी वैद्यकीय आस्थापना अधिनियम, २००७ खाली जिल्हा प्राधिकरणाकडे करावी लागते. निपाणीत कोल्हापूरहून किंवा खानापुरात चंदगडहून डॉक्टर येऊन बसणार असतील, तर महाराष्ट्रातील नोंदणीवर भागत नाही. कर्नाटक वैद्यकीय परिषदेचीही नोंदणी घ्यावी. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम खाटा नसलेल्या दवाखान्यालाही लागू आहेत. वापरलेल्या सुया पांढऱ्या, टोचून न फुटणाऱ्या डब्यात आणि रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत टाकावा, हे सफाईला येणाऱ्या बाईंना पहिल्याच दिवशी प्रत्यक्ष करून दाखवावे. दवाखान्याच्या फलकावर ६० टक्के जागा कन्नडसाठी ठेवणे बंधनकारक आहे. त्यावर वाद घालण्यात शक्ती घालवू नये, कारण मराठीची खरी गरज फलकावर नसून आत, गोळी कशी घ्यायची हे सांगताना असते.

वेळ ठरवताना डॉक्टरांच्या सोयीआधी गावचा दिनक्रम पाहावा. निपाणी परिसरात विड्या वळणाऱ्या बायका वळलेल्या विड्या मोजून देऊन आल्याशिवाय मोकळ्या होत नाहीत, तर कणकुंबी-जांबोटीकडच्या रुग्णांना परतीची एसटी चुकली की मुक्कामच पडतो. फी दहा-वीस रुपये असली तरी ठेवावी, असे माझे मत आहे. पैसे देणारा माणूस हक्काने प्रश्न विचारतो. मात्र ती हातात न घेता पेटीत टाकायला सांगावी, म्हणजे ज्याच्याकडे नाही त्याला रांगेसमोर ते बोलून दाखवावे लागत नाही.

सर्वांत जास्त लक्ष औषधांकडे द्यावे. रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन यांसारखी रोजची औषधे जेनेरिक स्वरूपात स्वस्त पडतात आणि जनऔषधी केंद्रांतूनही मिळतात. अडचण निराळीच असते. आमच्याकडे एक आजी तीन महिने नियमित येत होत्या. चौथ्या महिन्यात त्यांचा रक्तदाब एकदम वाढलेला निघाला. पिशवीतून त्यांनी न उघडलेली पट्टी काढली आणि म्हणाल्या, “ही माझी नव्हं, माझी गोळी बारकी असती.” औषध तेच होते, कंपनी बदलल्यामुळे गोळीचा आकार बदलला होता आणि ते सांगायचे आम्हीच विसरलो होतो. तेव्हापासून रुग्णाच्या कार्डावर रिकाम्या पट्टीचा तुकडा चिकटवतो, सकाळसाठी सूर्य आणि रात्रीसाठी चंद्र काढतो, आणि कंपनी बदलली की जुना तुकडा रुग्णासमोर काढून नवा लावतो. यासाठी प्रत्येक रुग्णामागे दोन मिनिटे जातात. ती वेळापत्रकात धरूनच रुग्णसंख्या ठरवावी.

दवाखान्याच्या आवाक्याबाहेरचा रुग्ण पुढे पाठवताना नुसते “बेळगावला जा” म्हणू नये. चिठ्ठी इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असावी, त्यावर चालू औषधे आणि मागील मोजमापे असावीत, आणि बिम्सच्या (बेळगावच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या) कोणत्या विभागात जायचे हे रुग्णाला मराठीत दोनदा सांगावे. बीपीएल रेशन कार्ड असलेल्या कुटुंबाला आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. म्हणून आधार आणि रेशन कार्ड सोबत नेण्याची आठवण चिठ्ठीवरच लिहावी. शक्ती योजनेमुळे राज्यातील महिलांना सरकारी साध्या बसने बेळगावला जाण्यासाठी तिकीट पडत नाही. बुडते ती मजुरी. तेव्हा तपासण्या एकाच फेरीत होतील असे पाहावे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकीची तपासणी सरकारी केंद्रात करून घ्यावी. क्षयरोग निघाला तर निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी पोर्टलवर नोंद करणे खासगी दवाखान्यावरही बंधनकारक आहे, आणि त्या नोंदीवरच रुग्णाला पोषण आहारासाठी दरमहा एक हजार रुपये मिळतात.

शेवटी नोंदवही. संगणक असला तरी एक जाड वही ठेवावी आणि प्रत्येक रुग्णासमोर पुढच्या भेटीची तारीख लिहावी. आठवड्यातून एकदा तीच वही उघडून, तारीख उलटूनही न आलेल्यांची नावे लाल शाईने काढावीत आणि फोन करावा. फोन लागला नाही तर रुग्णाची आधीच संमती घेतलेली असल्यास, आजाराचा उल्लेख न करता, त्या गावच्या आशाताईंमार्फत निरोप पाठवावा. ऊसतोडीच्या हंगामात ही लाल नावे वाढतात. घर सोडून फडावर जाणाऱ्या रुग्णाला निघण्यापूर्वी बोलावून, डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात.