दात आंबतात कशाने? उन्हाळी खाण्यापिण्यातल्या या चुका टाळा

कैरीच्या फोडी तिखटमीठ लावून भरपूर खाल्ल्या, की रात्री साधी पोळी चावतानाही दात कसेसेच होतात. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, दात आंबणे. तो नुसता बोलण्यापुरता शब्द नाही, खरंच तसं घडतं. पीएच जितका कमी, तितका पदार्थ आंबट. तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली उतरला, की दातावरचं इनॅमल, म्हणजे बाहेरचं कडक आवरण, विरघळू लागतं. लिंबाचा रस असतो २ ते २.५ च्या आसपास. मग लाळ कामाला लागते. ती आंबटपणा मारते आणि आपल्यातलं कॅल्शियम, फॉस्फेट दाताला परत देते. पण या दुरुस्तीला अर्धा ते एक तास लागतो.

म्हणून उन्हाळ्यात काय खाल्लं यापेक्षा तोंड किती वेळ आंबट-गोड राहिलं, हे आधी मोजावं. बहुतेक चुका तिथेच होतात.

सरबत दिवसभर घोट-घोट पिणं

ही चूक मी स्वतः केली आहे. दोन वर्षांपूर्वी एप्रिल-मे महिन्यांत ऑफिसच्या टेबलावर लिंबू-साखर-मिठाची लिटरभर बाटली ठेवायचे आणि दर दहा मिनिटांनी एक घोट घ्यायचे. ऊन लागू नये म्हणून! पाऊस सुरू होईपर्यंत माठातल्या पाण्यानेही दाढा शिवशिवायला लागल्या. दातांच्या डॉक्टरांनी तपासायच्या आधी एवढंच विचारलं, "टेबलावर काय ठेवता?" दर घोटाला लाळेचं काम पहिल्यापासून सुरू होत होतं, तर दुरुस्ती कधी होणार?

तेच सरबत पेलाभर करून पाच मिनिटांत प्या आणि वर साधं पाणी प्या. टेबलावरच्या बाटलीत पाणीच हवं. ग्लुकोजची पावडर घातलेलं पाणीही नको.

स्वीडनमध्ये लुंड इथल्या व्हिपेहोम रुग्णालयात १९४० च्या दशकात बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांवर साखरेचे प्रयोग झाले. त्यांची संमती न घेता त्यांचे दात किडू दिले गेले, म्हणून आज ते प्रयोग निंद्य मानले जातात. त्यातून कळलं ते हे: जेवणासोबत खाल्लेल्या साखरेने कीड फारशी वाढली नाही, पण जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी खाणाऱ्यांची खूप वाढली.

"गुळाचं आहे, घरचं आहे" म्हणून निर्धास्त राहणं

पन्ह्यात गूळ घातला म्हणून दातांचे जंतू सोवळं पाळत नाहीत. गुळातही मुख्यतः साखरच असते. पन्हं, कोकम सरबत आणि लिंबू पिळलेला उसाचा रस यांत आंबट आणि गोड एकत्र येतं, म्हणजे दाताची झीज आणि कीड दोन्हींना आमंत्रण. म्हणून ती सोडा असं मी सांगणार नाही, उन्हाळा मग कशासाठी? जेवताना किंवा जेवण झाल्याबरोबर प्या, कारण तेव्हा लाळ भरपूर असते. सोलकढी जेवणाच्या शेवटी एका दमात पिण्याची पद्धत दातांच्याही सोयीची आहे. मधुमेहामुळे बिनसाखरेचा लिंबू-सोडा घेणाऱ्यांची किडीची भीती कमी होते, झिजेची नाही.

आंबट खाऊन लगेच दात घासणं

चिंच-कैरी खाल्ली, दात आंबले, म्हणून पोरं ब्रश घ्यायला धावतात आणि आया कौतुक करतात. नेमक्या त्याच वेळी इनॅमल मऊ झालेलं असतं. ब्रशने ते खरवडलं जातं. आजीची खळखळून चूळ भरायची सवय इथे जास्त शहाणी. आधी चूळ भरा, ब्रश निदान अर्ध्या तासाने.

आंबापोळी, फणसपोळी येता-जाता तोंडात टाकणं

पिकलेला हापूस किंवा पायरी मला फारशी गुन्हेगार वाटत नाही. रसपोळी जेवणातच होते, आणि दातांत अडकलेली केसरं दात साफ करायच्या दोरीने (फ्लॉसने) काढता येतात. वाळवलेल्या पोळीचं तसं नाही. तिच्यातली साखर आटून घट्ट झालेली असते आणि दाढांच्या खाचांत चिकटून बसते. एका बैठकीत खा, डबा कपाटात ठेवा.

बर्फ कडाकडा फोडणं

गोळा चोखून संपला की खालचा बर्फ चावायचा मोह होतोच. त्याने दाताला बारीक तडा जातो, जुनी फिलिंग निघते. काला खट्टाच्या पाकाचं तर बोलायलाच नको.

मग निवडायचं काय? काकडी, ताडगोळे, कलिंगड, शहाळ्याचं पाणी. आणि सगळ्यात वर ताक. ते आंबट असूनही दात आंबवत नाही, कारण त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट मुळातच भरपूर असतं. आंबट ताकानेही दात शाबूत राहतात, हे कळल्यावर मी सरबताची बाटली बंद केली. गोड लस्सी मात्र या यादीत नाही. घाम जाऊन पाणी कमी पडलं की लाळही कमी होते, म्हणून साधं पाणी हवंच. तोंड कोरडं पाडणारी औषधं चालू असतील तर जास्तच लक्ष द्या.

आता दुखतंयच, तर

गारेगार खाल्ल्यावर कळ आली आणि काही सेकंदांत गेली, तर बहुधा इनॅमल झिजलंय किंवा हिरडी मागे सरकून मूळ उघडं पडलंय. आंबट कमी करा आणि शिवशिवीसाठी मिळणारी पेस्ट वापरा. दोनेक आठवडे तरी धीर धरा, पहिल्या दिवशी फरक पडत नाही. कळ मिनिटभर टिकत असेल, गरम चहानेही ठणकत असेल किंवा रात्री झोपेतून उठवत असेल, तर दाताच्या नसेपर्यंत सूज पोचलेली असू शकते. पेस्टवर वेळ घालवू नका, डॉक्टरांकडे जा. एकच दात चावताना टोचतो? तडा गेला असेल, तेही दाखवायला हवं. लवंगेचं तेल पातळ न करता हिरडीवर चोळू नका, भाजतं.

जांभळं खाऊन दात-जीभ निळीजांभळी झाली तर मात्र काहीच करू नका. तो रंग दुसऱ्या दिवशी जातो.